डंडीहून आणलेला शब्द

सुमतीमावशी,

रविवारी तुझ्या घरी गेले होते. माधवकाका एकटेच असतात, म्हणून आमटी-भात केला. काकांनी पहिला घास घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, "नीला, ही आमटी अजून थोडा गूळ थोलेल." म्हणाले आणि त्यांचे तेच गप्प झाले. तू गेल्यापासून त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच आला होता. मी उठून गुळाचा डबा आणला, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

बाहेरच्या कोणाला हे कळायचं नाही. थोलणं असं क्रियापद मराठीत नाहीच. ते तू तरुणपणी डंडीहून, स्कॉटलंडच्या त्या थंड गावातून, घेऊन आलीस आणि इथे न्यूयॉर्कजवळ, वेस्ट विंडसरच्या स्वयंपाकघरात त्याला आपले प्रत्यय लावलेस. थोलतं, थोललं, थोलवत नाही. तुझ्या डिग्र्या, तुझी हॉस्पिटलं, इथे आलेल्या पहिल्या मराठी डॉक्टरांपैकी तू एक, हे सगळं मंडळाच्या अंकात छापून येईलच. मला त्या शब्दाबद्दल लिहायचंय, कारण तो तू मला दिलास आणि त्यावरून माझ्याशी भांडलीसही.

त्र्याऐंशीच्या दिवाळीत आपली ओळख झाली, तीही जुजबी. शाळेच्या कॅफेटेरियात मंडळाचा कार्यक्रम होता. तू माझ्या कागदी ताटात सावर क्रीमचं श्रीखंड वाढता वाढता विचारलंस, "तुझा फोन नुसता वाजत का राहतो गं? कार्यक्रमासाठी मी किती वेळा केला."

"बाहेर गेले असेन," मी म्हणाले.

हातात तान्ही मुलगी, चालवायला गाडी नाही, चालवता तर त्याहून येत नाही. मी कुठे बाहेर जाणार? तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पेपर नॅपकिनवर आपला नंबर लिहून दिलास. "मी भूल देणारी डॉक्टर आहे. माझ्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या. त्यामुळे मला केव्हाही फोन केलेला चालतो."

आमच्याकडे असं होतं की माझा नवरा शेखर ऑफिसला जाताना फोन काढून गाडीच्या ट्रंकमध्ये, म्हणजे डिकीत, ठेवून जायचा. लाँग डिस्टन्सचं बिल येतं, हे सुरुवातीचं कारण. पुढे त्याने कारण सांगणंही सोडलं, कारण माझ्याशी बोलणंच सोडलं होतं. एका टेबलावर जेवायचो आम्ही. तो तान्ह्या अदितीशी लाडात बोलायचा आणि मीठ हवं असलं तर उठून माझ्या पुढ्यातून घेऊन जायचा. आठवडेच्या आठवडे. नागपूरच्या भरल्या घरातून आलेली मी. दुपारी स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायची.

फेब्रुवारीत एका सकाळी अदितीला स्नोसूटमध्ये कोंबलं, स्ट्रोलर ढकलत कपडे धुवायच्या लॉन्ड्रोमॅटपर्यंत गेले आणि तिथल्या पे फोनवरून तुला फोन केला. मी काय बोलले ते आठवत नाही. तू काय म्हणालीस ते आठवतं. "ड्रायरजवळ बस, तिथे ऊब असते. मी निघाले."

आलीस ती डोक्यावर ऑपरेशन थिएटरची टोपी तशीच.

तुझ्या बेसमेंटमधल्या खोलीत आम्ही मायलेकी राहिलो. बर्फ वितळलं, तुझ्या अंगणातलं मॅग्नोलिया फुलून गेलं, तरी तिथेच होतो. पुढे काय ठरवलंस, असं तू एकदाही विचारलं नाहीस. मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये तू मला गाडी शिकवलीस, तीही ओरडून ओरडून. "ब्रेक, नीला! ब्रेक म्हणजे तो नव्हे!" शेकडो माणसांना शांतपणे झोपवणारी बाई माझ्या शेजारच्या सीटवर बसली की तिचा श्वास वर-खाली व्हायचा. मी तुला "डॉक्टर, तुम्ही" म्हणायची. तू म्हणालीस, "माझ्या घरात माझाच गाऊन घालून हिंडतेस आणि मला तुम्ही? मावशी म्हण. आणि तू म्हण."

एके दिवशी तुझ्या फोनवरून मी नागपूरला आईला सगळं सांगितलं. लाईनवर खरखर होती. तेवढ्यातून आईचं एकच वाक्य स्वच्छ ऐकू आलं. "थोडं सोस गं. सगळ्यांनीच सोसलंय." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन तुझ्यासमोर बसले. तू भेंडी चिरत होतीस. मी आईचं वाक्य तुला सांगितलं. तू आईला नावं ठेवली नाहीस. तू मला डंडीतली म्हातारी सांगितलीस.

तू तेव्हा नवी डॉक्टर होतीस. वॉर्डात एक म्हातारी होती, ज्यूटच्या गिरणीत जन्म गेलेली, मांडीचं हाड मोडलेलं. तू विचारलंस, दुखतंय का. ती म्हणाली, "आय कॅन थोल इट, लॅस." लॅस म्हणजे पोरी. तुला वाटलं, ती रस्त्यावरच्या टोलबद्दल काही बोलतेय. तू मान हलवलीस आणि पुढच्या खाटेकडे निघालीस. सिस्टरने तुला कोपऱ्यात नेऊन सांगितलं, डॉक्टर, तिला भरपूर दुखतंय. ती एवढंच सांगतेय की दुखणं तिने धरून ठेवलंय. तू परत गेलीस, इंजेक्शन दिलंस.

"आणि मग ती म्हातारी काय म्हणाली ठाऊक आहे?" तू सुरी खाली ठेवून मला म्हणालीस. "म्हणाली, बरं झालं बाई, आता थोलायला काही उरलं नाही, जरा झोपते. आणि घोरायला लागली."

मला हसू आलं नाही. मी चिडले. "म्हणजे सोसणंच ना मावशी? फक्त इंग्रजीत. तिकडेही बायकांनाच शिकवलं असणार."

"इंग्रजीत नाही, स्कॉट्समध्ये, त्यांच्या बोलीत. आणि सोसणं नाही."

"मग काय?"

"ते मला अजून नीट सांगता येत नाही," तू म्हणालीस. "पण सोसणं नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला, आणि तो शेवटपर्यंत चालला. मी मराठी शब्द आणायची, तू नाकारायचीस. साहणं आणलं, तर म्हणालीस फार कवितेतलं आहे. पेलणं आणलं, तर म्हणालीस त्यात शिवधनुष्य आहे, बघ्यांची गर्दी आहे. म्हातारीच्या खाटेभोवती कोणी नव्हतं. तगणं आणलं तेव्हा तू बराच वेळ विचार केलास आणि म्हणालीस, तगतात झाडंसुद्धा. आणि मधेच स्वतःचं सगळं बोलणं धुळीला मिळवून म्हणायचीस, "ही पोळी अजून थोडं तूप थोलेल." हे काय, असं मी विचारलं तेव्हा तू सांगितलंस की तिकडे असंही बोलतात. सूपला मीठ थोलेल, विजारीला एक टाका थोलेल. म्हणजे चालेल, मानवेल, बरंच होईल. मी लगेच पकडलं. "मग आपणही म्हणतोच की, मला दही सोसत नाही! सोसणंच आहे, मावशी!" त्या दिवशी तू हरलीस, आणि हरलीस म्हणून मला जास्तीचं तूप वाढलंस.

कोर्टात घटस्फोटाचा निकाल लागला तेव्हा मी प्रोग्रॅमिंगचा कोर्स करत होते. पुढे नोकरी लागली, मी दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं. वाटलं, झालं. पण आपल्या माणसांचं कोर्ट उठलेलं नव्हतं. जिथे जावं तिथे कोणीतरी मला चिप्स-डिपच्या टेबलाशी किंवा बाथरूमच्या दाराशी गाठायचं. मारायचा का? नाही. प्यायचा? नाही. दुसरी कोणी? नाही. मग? त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर असायचं, पण फोन ट्रंकमध्ये ठेवायचा असं सांगितलं की समोरचा माणूस उरलेली गोष्ट ऐकायची वाट बघत राहायचा.

त्या संक्रांतीचं हळदीकुंकू तुला आठवत असेल. वत्सलाकाकूंच्या घरी. वत्सलाकाकू म्हणजे आपल्या गावातल्या सगळ्यांत जुन्या, सगळ्यांचं बारसं-लग्न ज्यांच्या सल्ल्याने ठरायचं त्या. दहा-पंधरा बायका गालिच्यावर बसलेल्या, तिळगूळ वाटून झालेला. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नीला, तू लेकीसारखी म्हणून विचारते हं. नक्की झालं तरी काय होतं?"

मी तोंड उघडलं. दर वेळी उघडायची तसंच, आज्ञाधारकपणे. तेवढ्यात तू हातातली डिश खाली ठेवलीस.

"वत्सलाताई, मी एक सांगू? डंडीत मी ज्या बाईंकडे भाड्याने राहायचे, त्यांच्या भावावर खटला झाला होता. गोदामाला आग लावली म्हणून. ज्यूरी बसली, साक्षी झाल्या, तो सुटला. तरी गल्लीतली माणसं दारात येऊन विचारायची, खरं सांगा, त्यानेच लावली ना? बाई एकच वाक्य म्हणायच्या आणि दार लावायच्या. ही हॅज थोल्ड हिज असाइझ."

"म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"असाइझ म्हणजे खटला. त्याने खटला थोललाय. तिकडच्या कायद्यातले जुने शब्द आहेत, अजून कोर्टात वापरतात. ज्याने एकदा न्यायासनापुढे उभं राहून सगळं ऐकून घेतलं, त्याला त्याच गोष्टीसाठी पुन्हा उभं करता येत नाही. राजालासुद्धा नाही करता येत." मग तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस, सरळ काकूंकडे बघून म्हणालीस, "आपल्या नीलाचा खटला झाला, वत्सलाताई. कोर्टात झाला, आणि या गालिच्यावरही दोनतीनदा झाला. आता पुरे. तिळाच्या वड्या फार खुसखुशीत झाल्यात, गूळ कुठून आणलात?"

मग काकूच म्हणाल्या, "न्यूयॉर्कहून. ह्यांनी आणला." आणि बोलणं गुळावर गेलं.

यापुढचं तुला मी तेव्हाच सांगितलं होतं, पण पुन्हा सांगते. निघताना मी कोट घ्यायला बेडरूममध्ये गेले. पलंगावर सगळ्यांच्या कोटांचा ढीग होता आणि शेजारी वत्सलाकाकू बसल्या होत्या. मला वाटलं, रागावल्यात. त्यांनी ढिगातून माझा कोट शोधून दिला, बाही सरळ केली आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझी केस कधी उभीच राहिली नाही गं. कोणी विचारलंच नाही." माझ्या हातात वड्यांचा डबा देऊन त्या बाहेर गेल्या. परतताना गाडीत मी तुला हे सांगितलं. त्यानंतर दर गुरुवारी तू काकूंकडे चहाला जायला लागलीस. तिथे काय बोलणं व्हायचं ते तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मी विचारलं नाही.

आणि तो शनिवार. आपण युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत गेलो, अदितीला काकांकडे ठेवून. स्कॉट्सचा जाडजूड कोश तू दोन्ही हातांनी उतरवलास. केवढं वापरलंय त्या लोकांनी त्या शब्दाला! लढाईतल्या जखमा थोलल्या, तुरुंग थोलला, चर्चने दिलेलं प्रायश्चित्त थोललं, थंडी थोलली, दातदुखी थोलली. कुठे कुठे त्याचा अर्थ नुसता 'होऊ देणं' असाही. इंग्लंडने हा शब्द हळूहळू टाकून दिला, उत्तरेकडच्या लोकांनी ठेवला. मग तू दुसरा कोश उघडलास, शब्दांची मुळं सांगणारा, आणि एकदम माझं मनगट धरलंस. मुळात अर्थ होता उचलणं, भार धरणं. त्याच मुळाची फांदी लॅटिनमध्ये गेली, तिथून टॉलरेट आलं. आणि एक फांदी आपल्याकडे. संस्कृतातलं तुला, म्हणजे तराजू. तोलणं. तोल.

"आपलाच आहे गं!" तू इतक्या मोठ्याने म्हणालीस की पलीकडच्या टेबलावरच्या मुलाने मान वर केली. "थोल आणि तोल! मी डंडीहून आणला म्हणत होते, हा तर घरचाच निघाला."

"म्हणून काय झालं," मी कुजबुजले. मला हार मानायची नव्हती. "भार उचलायचाच ना शेवटी?"

"उचललेलं खाली ठेवता येतं, नीला. सोसलेलं कुठे ठेवशील?"

यावरचं उत्तर मी अजून शोधतेय. पण म्हणून तू जिंकलीस असं मी धरत नाही, कारण याच खाली ठेवण्यावरून पुढे आपलं खरं भांडण झालं.

शेखर नोकरीसाठी लांब, दक्षिणेकडच्या कॅरी गावाला गेला होता. अदिती सुट्टीत त्याच्याकडे जाऊन यायची. तू त्याला दर दिवाळीला फोन करतेस, हे तू लपवलं नव्हतंस. मीच ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदा अदितीला विमानात बसवून आले आणि तुझ्या टेबलाशी बसून त्याच्याबद्दल बोलायला लागले. फोन, ट्रंक, मीठ. सगळं पहिल्यापासून. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "नीला, तो कायदा त्यालाही लागू आहे."

"कोणता?"

"निकाल लागलाय त्याचाही. घर गेलं, मुलगी वर्षातून थोडे दिवस दिसते. तू त्याला रोज परत उभं करतेस."

मी पर्स उचलली आणि निघून आले. बेसमेंटमध्ये ठेवून घेणाऱ्या बाईने त्याची बाजू घ्यावी, हे मला झेपलं नाही. कितीतरी दिवस मी तुला फोन केला नाही. मग आन्सरिंग मशीनवर तुझा आवाज. "मुगाचे लाडू केलेत. भांडण दाराबाहेर ठेव, लाडू घेऊन जा. जाताना भांडण परत घे, मला नकोय." मी आले, लाडू घेतले. भांडणही परत नेलं. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. मला वाटायचं, बोलू कधीतरी. वेळ आहे.

वेळ नव्हता. या वर्षी तुझ्या पोटात काय वाढतंय ते तुला रिपोर्टच्या आधीच कळलं होतं.

शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरबाईंनी फार सोसलं, पण तोंडातून कधी हूं नाही की चूं नाही." मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मावशी, तू केवढी कटकट केलीस! केवढी मनापासून! उशी टोचते, सूप म्हणजे कोमट पाणी, टीव्हीवरच्या हवामानवाल्याचा टाय बघवत नाही. आणि दुखायला लागलं की बेल दाबून, स्पष्ट, तुझ्या त्या कामाच्या आवाजात, "मला दुखतंय. डोस वाढवा. किती वाढवायचा ते मी सांगते." तो कोवळा रेसिडेंट डॉक्टर तुझ्यापुढे विद्यार्थ्यासारखा उभा राहायचा. मी एकदा चेष्टेने विचारलं, "काय मावशी, थोलत नाहीस?"

"कशाला? बाटली समोर टांगलेली असताना थोलतो तो मूर्ख," तू म्हणालीस. मग डोळे मिटून, "ज्याला औषध नाही तेवढंच थोलतेय. माधवला एकटं ठेवून जायचंय ना."

तेवढंच एकदा बोललीस. मी तुझा हात धरून बसले. मला तेव्हा कितीतरी बोलायचं होतं. लॉन्ड्रोमॅटमधल्या त्या ड्रायरची ऊब मला अजून पाठीला जाणवते, हे सांगायचं होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पार्किंगमध्ये ब्रेकच दाबला, तो नव्हे तो, हे सांगायचं होतं. पण तू झोपलीस, आणि तुला झोप लागली याचाच मला इतका आनंद झाला की मी काहीच बोलले नाही.

सभेच्या मधेच दार उघडलं. शेखर होता. कॅरीहून इतका लांब गाडी चालवत आला होता, कोट अंगातच, केस विस्कटलेले. तो मागच्या भिंतीशी उभा राहिला. तुला ठाऊक आहेत आपली माणसं. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या, मग माझ्याकडे आल्या, मग परत त्याच्याकडे. बोलणारे गृहस्थही अडखळले. वत्सलाकाकू जागेवरून अर्धवट उठल्या.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि मागे चालत गेले.

"अदिती पुढे बसलीय," मी म्हणाले. "तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे."

"मी इथेच थांबतो," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "दर दिवाळीला फोन करायच्या गं त्या मला. माझ्या घरच्यांनीसुद्धा..."

"जाऊन बस, शेखर."

तो गेला. अदितीने त्याला पाहिलं, "हाय, डॅडी," म्हणाली आणि आपला कोट मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली.

मावशी, तुझं म्हणणं मला पटलं असं समजू नकोस. ते भांडण माझ्याजवळ आहे, आणि त्याला उत्तर द्यायला तू नाहीस हे मला फार जड जातंय. पण त्या दुपारी मला कोणाचाही निवाडा करायचा नव्हता. मी वत्सलाकाकूंच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी पदर पुढे केला, आणि मी तुझ्यासाठी पोटभर रडले.

तुझी,
नीला